पुस्तकातला कोरकू आणि बाकावरचा कोरकू

वऱ्हाडातील शाळांत समाजशास्त्र शिकविले जाऊ लागले त्याच्या शंभर वर्षे आधीपासून वऱ्हाड हाच त्या शास्त्राचा विषय होऊन बसला होता. आपल्या मुलांच्या हाती हे पुस्तक आले ते फार उशिरा. आपली माणसे मात्र त्या पुस्तकात फार आधीच जाऊन बसली होती. अकरावी-बारावीला कला शाखा घेणाऱ्या मुलामुलींच्या पालकांपुढे हा इतिहास मांडावा, असे पुष्कळ दिवस आमच्या मनात होते. कारण 'समाजशास्त्र म्हणजे सोपा विषय, पास होण्यापुरता' हे वाक्य आम्ही परतवाड्याच्या घराघरांत ऐकतो, आणि ज्या घरांत ते बोलले जाते त्यांतील कित्येक घरे त्याच पुस्तकाच्या एका प्रकरणात आपल्या वैशिष्ट्यांसह नोंदलेली आहेत.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. अचलपूर त्या काळी एलिचपूर या नावाने ओळखले जाई आणि ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण होते. हा जिल्हा पुढे १९०५ साली अमरावतीत विलीन झाला. अचलपूरला लागूनच हैदराबाद कन्टिन्जन्टची छावणी होती. तिच्या आश्रयाने वाढलेली वस्ती तीच आपले परतवाडा. १८६७ साली वऱ्हाडात पहिली पद्धतशीर शिरगणती झाली. त्याच सुमारास पश्चिम वऱ्हाडचे कमिशनर म्हणून आल्फ्रेड लायल आले. त्यांनी १८७० साली या प्रांताचे गॅझेटियर सिद्ध केले आणि पुढे वऱ्हाडातील लोकधर्मावर एक दीर्घ निबंध लिहिला. तो १८८२ साली त्यांच्या ग्रंथात समाविष्ट झाला.

हा निबंध आजही वाचनीय आहे. एखादा मनुष्य असाधारण रीतीने मरण पावला की त्याच्या जागी आधी दगड कसा मांडला जातो, दगडाचे ठाणे कसे होते, ठाण्याचे देऊळ कसे होते आणि तिसऱ्या पिढीला मूळ माणसाचे विस्मरण होऊन देव तेवढा कसा उरतो, हे लायल साहेबांनी बारकाईने टिपले आहे. पोथ्यांतून नव्हे, तर शिवारातून फिरून धर्म समजावून घेण्याची ही दृष्टी त्या काळी नवीनच होती. परंतु हे सारे लिहिले गेले ते लंडनच्या वाचकासाठी. ज्या गावच्या ठाण्याचे वर्णन साहेबांनी केले त्या गावच्या पाटलाने ते वाचावे, हा विचार कोणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते.

पुढे १८८१ च्या शिरगणतीचा वऱ्हाडचा अहवाल किट्स या अधिकाऱ्याने लिहिला. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले आणि १९१६ साली आर. व्ही. रसेल व रायबहादूर हिरालाल यांचा मध्यप्रांतातील जातिजमातींवरील चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मेळघाटातील कोरकूंवर त्यात स्वतंत्र लेख आहे. कोरकूंची बोली मुंडा कुळातली, म्हणजे छोटा नागपूरच्या संथाळांच्या बोलीशी तिचे नाते. मुलीच्या बापाच्या घरी राबून तिला वरण्याची 'लमझना' ही चाल. मृतांच्या स्मरणार्थ रोवावयाचे कोरीव लाकडी खांब. गोतांची नावे आणि त्यांमागच्या कथा, असा पुष्कळ ऐवज तेथे आहे. अभ्यासकाला या ग्रंथावाचून आजही चालत नाही. मात्र त्याच्या तळटीपा लक्षपूर्वक पाहाव्यात. माहिती पुरविणारे म्हणून तेथे तहसीलदार, वनाधिकारी, शाळामास्तर यांची नावे येतात. ज्याच्या घरच्या चालीरीती लिहिल्या, ज्याने रात्री शेकोटीपाशी बसून त्या सांगितल्या, त्याचे नाव सहसा नसते. तो 'एक कोरकू' असतो.

याच एक-दोन वर्षांत आणखी दोन लेखने घडून आली, आणि हा योगायोग आम्हांस फार बोलका वाटतो. १९१५ साली त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' प्रसिद्ध झाला. आत्रे महसूल खात्यात नोकरीला होते. गावोगाव फिरताना त्यांना जे दिसले ते त्यांनी मराठीत, मराठी माणसासाठी लिहिले. काळी आणि पांढरी, वतनदार आणि उपरे, कारू आणि नारू, कुणब्याच्या खळ्यावर हात पसरून उभी राहणारी फिरस्त्यांची रांग, हे सारे त्यात इतक्या नेमकेपणाने आले आहे की मराठीतील समाजशास्त्राचा आरंभ या पुस्तकापासून धरण्यास हरकत नसावी. आत्र्यांची सगळीच मते आज कोणाला पटतील असे नाही. फिरस्त्या जातींविषयी लिहिताना त्यांच्यातला सरकारी अंमलदार मधूनमधून डोके वर काढतो. पण भाषा पाहावी. तीत परका शब्द नाही, आणि एकही गोष्ट कळली नाही असे होत नाही.

दुसरे लेखन दूर न्यूयॉर्कमध्ये झाले. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचविशीतल्या एका विद्यार्थ्याने भारतातील जातींवर निबंध वाचला. ते भीमराव आंबेडकर. जात कशाने टिकते, या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर एका शब्दात सांगता येते: अंतर्विवाह. सोयरिक जातीतच करावयाची, असे एकदा ठरले म्हणजे जातीतील स्त्री-पुरुषांची संख्या जुळती ठेवावी लागते. पती गेला तर पत्नी 'अधिक' ठरते, पत्नी गेली तर पती. त्या अधिक झालेल्या स्त्रीचे काय करावयाचे, या एका प्रश्नातून सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही चालींचा उलगडा त्यांनी केला. सोळा वर्षांच्या मुलीला हा युक्तिवाद सांगून पाहावा. तो तिला कळतो, आणि कळल्यावर ती गप्प होते. कारण आपल्या घरी चाललेल्या स्थळांच्या बोलण्याकडे ती प्रथमच निराळ्या नजरेने पाहू लागलेली असते.

एकाच जातिव्यवस्थेकडे पाहणारी ही तीन माणसे. एकाने ती तंबूत बसून विचारली, दुसऱ्याने चावडीत बसून पाहिली, तिसऱ्याने ती भोगली होती. या तिसऱ्याच्या हाती शास्त्र आले तेव्हा काय झाले हे आपल्या अमरावतीने अकरा वर्षांनी पाहिले. अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा यासाठी वऱ्हाडात चळवळ उभी राहिली, आणि नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीस भरलेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान डॉ. आंबेडकरांनी भूषविले.

आता थोडे मुंबईकडे वळावयास हवे, कारण आपल्याकडे हा विषय वर्गात बसला तो तेथे. १९१९ साली मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्राचा विभाग उघडला आणि त्याच्या प्रमुखपदी पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विद्वानास नेमले. गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ. त्यांची शिकविण्याची रीत म्हणजे विद्यार्थ्यांना घेऊन गावातून हिंडणे. आधी पाहा, मग मोजा, मग बोला. शहराचा आजार ओळखल्यावाचून त्यावर औषध योजू नये, असा त्यांचा आग्रह असे. मुंबईस येण्यापूर्वी त्यांनी इंदूर संस्थानासाठी नगररचनेचे काम केले होते आणि १९१८ साली त्याचा मोठा अहवाल दिला होता. तेथली एक हकीकत त्यांच्या चरित्रकारांनी सांगितली आहे. प्लेगने गांजलेल्या इंदुरात त्यांनी दरबाराकडून दिवाळीची मिरवणूक आपल्या मनाप्रमाणे काढण्याची मोकळीक मागून घेतली आणि जाहीर केले की मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने न जाता ज्या गल्ल्या सर्वांत स्वच्छ असतील त्यांतून जाईल. झाले. लोकांनी आपापल्या गल्ल्या झाडून काढल्या, घरांना सफेदी दिली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचा भला मोठा पुतळा होता आणि शेवटी तो जाळण्यात आला.

ही हकीकत वाचली तेव्हा आम्हांस शेंडगाव आठवले. परतवाड्याहून अंजनगावच्या वाटेला लागले की हे गाव फार दूर नाही. १८७६ साली तेथे डेबूजी जानोरकर जन्मले. तेच पुढे गाडगेबाबा झाले. बाबांना अक्षरओळख नव्हती. गावात शिरताच ते प्रथम खराट्याने रस्ता झाडीत आणि रात्री कीर्तनाला उभे राहून गावाला प्रश्न विचारीत. कर्ज काढून लगीन करता का? देवाला बकरं कोण मागते? पोरगं शाळेत जाते का? उत्तर गावाने द्यावयाचे. बाबा स्वतः फारसे सांगत नसत. विचारीत असत, आणि गावाच्या तोंडूनच गावाची स्थिती वदवून घेत. गेडिस साहेब इंदूरला जे करीत होते ते वऱ्हाडात एक परीट मनुष्य खराटा आणि गाडगे घेऊन करीत होता. दोघांनाही एकमेकांची वार्ता नसावी. समाजाचे शिक्षण देणाऱ्यांच्या यादीत आपण गेडिस यांचे नाव घालतो, बाबांचे घालीत नाही. ते संत म्हणून वेगळ्या खणात ठेवले जातात. १९५६ च्या डिसेंबरात बाबा निवर्तले. अमरावतीच्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे.

गेडिस यांच्यानंतर १९२४ साली मुंबईच्या विभागाची धुरा गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली. हे मालवणचे. संस्कृताचे पंडित, केंब्रिजचे डॉक्टर. जात आणि वंश यांवरील त्यांचा ग्रंथ १९३२ साली निघाला. पस्तीस वर्षे त्यांनी त्या विभागात अध्यापन केले. एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई, इरावती कर्वे ही सारी त्यांची विद्यार्थिमंडळी. भारतातील समाजशास्त्राचा वंशवृक्ष काढावयाचा झाल्यास अर्ध्याअधिक फांद्या घुर्ये यांच्यापाशी येऊन मिळतील. परंतु पायपिटीचे शास्त्र त्यांच्या काळात पुष्कळसे ग्रंथालयातले शास्त्र झाले, असे आमचे मत आहे. त्यांचे शिष्य मात्र हिंडले. इरावतीबाई तर महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांत आणि महाराष्ट्राबाहेरही भटकल्या. १९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. १९५१ साली त्यांनी 'मराठी लोकांची संस्कृती' लिहिले आणि भारतातील नातेसंबंधांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ चा. माहेर, सासर, मामा, आत्या या रोजच्या शब्दांतून केवढा समाज उभा आहे हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी इरावतीबाईंकडे जावे. आपल्याकडे मामाची मुलगी चालते आणि उत्तरेकडे ती बहीण ठरते. वऱ्हाड हे या दोन रीतींच्या सीमेजवळ बसलेले आहे. परतवाड्याच्या बाजारात बैतूलकडून आलेला हिंदी बोलणारा कुटुंबवत्सल गृहस्थ आणि दर्यापूरकडला कुणबी यांची सोयरिकीवरून गप्पा जमवून द्याव्यात. सारा धडा तेथेच होतो.

मेळघाटाच्या दृष्टीने घुर्ये यांचे एक प्रकरण सांगितले पाहिजे. १९२७ साली व्हेरियर एल्विन नावाचा तरुण अँग्लिकन धर्मगुरू पुण्यास आला. पुढे त्याने पंथ सोडला आणि मध्यप्रांतातील आदिवासींत आयुष्य घातले. बैगा जमातीवरील १९३९ च्या ग्रंथात त्याने असे सुचविले की या लोकांसाठी राखीव प्रदेश करावा, बाहेरच्या सावकार-ठेकेदारांना तेथे मज्जाव असावा. १९४३ साली घुर्ये यांनी त्यास सडेतोड उत्तर दिले. त्यांच्या मते आदिवासी हे निराळे कोणी नसून मागे पडलेले हिंदूच होत आणि त्यांना वेगळे राखणे घातक. वाद मोठा झाला, आजही संपलेला नाही. त्या वादात आदिवासींनी काय म्हटले, असा प्रश्न मात्र तेव्हा कोणाला पडल्याचे दिसत नाही. १९७४ मध्ये मेळघाटात व्याघ्रप्रकल्प आला आणि त्यातूनच गुगामळचे राष्ट्रीय उद्यान झाले. राखीव प्रदेश मिळाला तो असा, वाघांना. कोरकूंची काही गावे त्यासाठी उठली.

आपल्या धर्मगुरूंपैकी ज्यांनी हा विषय खरोखर आपलासा केला त्यांत फादर स्टीफन फुक्स यांचे नाव अग्रभागी येते. ऑस्ट्रियात जन्मलेले हे एसव्हीडी संघाचे फादर. शेजारच्या निमाडातील बलाही समाजावर त्यांनी १९५० मध्ये ग्रंथ लिहिला आणि कोरकूंवरील त्यांचा ग्रंथ १९८८ साली प्रसिद्ध झाला. आम्ही सेमिनरीत असताना त्या ग्रंथाचे नाव प्रथम ऐकले. धर्मगुरू होणाऱ्यांनी समाजशास्त्र कशासाठी शिकावे, असा प्रश्न आमच्यापैकी पुष्कळांना पडत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्येच त्याचे उत्तर देऊन ठेवले होते: मेंढपाळाच्या कामात ईशज्ञानाबरोबर मानसशास्त्र आणि समाजशास्त्र यांच्या निष्कर्षांचाही उपयोग करून घ्यावा. आम्हांला ते उत्तर खऱ्या अर्थाने पटले ते पॅरिशमध्ये आल्यावर, चर्चच्या नोंदवह्या चाळताना. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ साली विवाहांची नोंद ठेवण्याचा दंडक घातला, तेव्हा आपण समाजशास्त्राला केवढी सामग्री पुरवीत आहोत याची कल्पना तेथे जमलेल्या बिशपांना नसणार. वधू कोठली, वर कोठला, बाप काय करतो, साक्षीदार कोण, सही की अंगठा. एका वहीत तीन पिढ्यांची हालचाल दिसते.

असो. शाळेतल्या विषयाकडे येऊ. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध सुचविला आणि १९७० च्या दशकात तो महाराष्ट्रात आला. त्याआधी शाळेतल्या मुलाला नागरिकशास्त्र तेवढे माहीत असे. समाजशास्त्र कॉलेजात गेल्यावर भेटायचे, आणि कॉलेजात जाणारे थोडे. नव्या रचनेत अकरावी-बारावीचे वर्ग माध्यमिक शाळांना जोडून निघू लागले आणि हा विषय तालुक्याच्या गावी आला. त्याचा प्रसार वेगाने होण्याचे कारण उदात्त वगैरे नव्हते. विज्ञानाला प्रयोगशाळा लागते, समाजशास्त्राला खडू आणि मास्तर पुरतो. ज्या संस्थेपाशी जागा आणि पैसा बेताचा तिने कला शाखा काढावी आणि कला शाखेत समाजशास्त्र ठेवावे, असा तो हिशेब होता. आमच्या मते हा हिशेब वऱ्हाडाला अंती लाभदायकच ठरला. धारणी, चिखलदऱ्याच्या बाजूची, आश्रमशाळांतून दहावी झालेली मुले या वर्गांतून येऊन बसली. एल्विन-घुर्ये वादात ज्यांना कोणी विचारले नव्हते त्यांची ही नातवंडे.

हा बदल किती मोठा, हे आमच्या मते शिकविणाऱ्यांच्याही पुरते ध्यानात आलेले नाही. जगात इतरत्र या विषयाच्या शालेय शिक्षणावर कडाक्याचे वाद झाले आहेत. ब्राझीलमध्ये तो शाळांत कधी आला, कधी गेला आणि २००८ साली कायद्याने माध्यमिक शिक्षणाच्या वरच्या वर्गांत सक्तीचा झाला. तेथले राज्यकर्ते या विषयाला भ्यायचे तरी. आपल्याकडे त्याला कोणी भीत नाही. आपल्याकडे त्याचे गाईड निघते.

दोष पुस्तकाचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. बालभारतीची अकरावीची नवी पुस्तके २०१९ साली आली, बारावीची २०२० साली. त्यांत घुर्ये आहेत, इरावतीबाई आहेत, आदिवासी, ग्रामीण व नागरी समुदायांचे प्रकरण आहे, सामाजिक चळवळी आहेत, समस्या आहेत. धड्याधड्यात मुलांनी करून पाहावयाच्या कृती दिल्या आहेत. अडचण परिभाषेपासून सुरू होते. 'सामाजिकीकरण', 'स्तरीकरण', 'बहिर्विवाह' हे शब्द घडविणाऱ्यांनी कष्टाने घडविले. ते नसते तर मराठीतून हा विषय शिकविताच आला नसता. पण शब्द घडविताना जुना शब्द कोठे ठेवला याची आठवण मास्तरांनी ठेवावयास हवी होती. ज्या मुलाला सोयरिक, गोत, भाऊबंदकी, मानपान, बलुतं हे सगळे दुधाबरोबर कळलेले आहे तो मुलगा 'अंतर्विवाह म्हणजे काय' याची व्याख्या घोकतो, आणि आपण सोयरिकीविषयीच बोलत आहोत हे त्याला शेवटपर्यंत उमगत नाही. आत्र्यांनी हे सगळे कुणब्याच्या भाषेत लिहिले त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली.

आमच्याकडे परीक्षेच्या दिवसांत काही मुले संध्याकाळी अभ्यासाला येऊन बसतात. घरी जागा नसते, दिवा नसतो, म्हणून येतात. त्यांतला मेळघाटाकडचा एक मुलगा 'आदिवासी समुदायाची वैशिष्ट्ये' पाठ करीत होता. विशिष्ट भूप्रदेश, स्वतंत्र बोली, साधी अर्थव्यवस्था, असे मुद्दे त्याने पेन्सिलीने क्रमांक घालून ठेवले होते. आम्ही सहज विचारले, तुमच्या गावी हे असेच आहे का? त्याने पुस्तकातून डोके वर काढले आणि अत्यंत विनयाने सांगितले, "ते पेपरात नाही येत जी, फादर."

या उत्तरावर आम्ही बराच काळ विचार केला आहे. मुलगा हुशार होता. पुस्तकातला कोरकू आणि बाकावरचा कोरकू यांची गाठ पडू द्यावयाची नाही, ही गोष्ट त्याला कोणी शिकविली नव्हती. वर्गाच्या एकूण वाऱ्यानेच ती शिकविली होती. लायल साहेबाच्या काळी ज्याच्याविषयी लिहिले तो वाचू शकत नव्हता. आता तो वाचतो, पण आपल्याविषयी वाचतो आहोत असे वाचीत नाही. १९९३ मध्ये मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्यांनी सारा देश हादरला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, समित्या आल्या, अहवाल झाले, १९९५ पासून नवसंजीवन योजना सुरू झाली. त्या अहवालांत कुपोषणाची कारणे सांगणारे पुष्कळ होते: डॉक्टर, अधिकारी, संस्थाचालक, पत्रकार. सांगणारा कोरकू विरळा. पुढचा अहवाल लिहिला जाईल तेव्हा तो लिहिणारा कदाचित याच बाकावरून उठून जाईल, आणि तो वैशिष्ट्ये पाठ करून गेला की प्रश्न विचारावयास शिकून गेला, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. हा विषय सोपा म्हणून हिणविणाऱ्या आईबापांनी एवढे लक्षात घ्यावे.

आणि शिकविण्याचे साहित्य तर वर्गातच असते. मास्तरांनी हजेरीपट उघडावा. कासदेकर, बेठेकर, जांबेकर, मावसकर, सावलकर. मराठी माणसाला वाटते, 'कर' म्हणजे गावाचे नाव. नागपूरकर तसे कासदेकर. पण यांतील कित्येक नावांच्या पोटात गाव नसून गोत आहे. कासदा, बेठे, जांबू ही कोरकूंची गोते, त्यांना मराठी शेपूट लागले आणि शाळेच्या, कचेरीच्या कागदांवर ती आडनावे होऊन बसली. कासदेकराच्या घरी कासदेकराची मुलगी द्यावयाची नाही हे वर्गातल्या प्रत्येक कोरकू मुलाला ठाऊक असते. तोच बहिर्विवाह. एक गोत दुसऱ्या भाषेच्या वहीत शिरताना काय होते, हा सांस्कृतिक बदलाचा धडा. हजेरी घ्यावयास जेवढा वेळ लागतो तेवढ्यात दोन प्रकरणे होतात.

परीक्षेच्या रचनेतही वाट ठेवलेली आहे. शंभरांपैकी ऐंशी गुण लेखी आणि वीस गुण प्रकल्पादी कामाचे. हे वीस गुण म्हणजे गेडिस यांची उरलीसुरली पायपीट. पुष्कळ ठिकाणी तिचे काय होते ते आपण सारे जाणतो. झेरॉक्सच्या दुकानात प्रकल्प तयार मिळतो, मुखपृष्ठावर रंगीत चित्र असते, आत दरवर्षीचा तोच मजकूर, नाव तेवढे बदलावयाचे. 'हुंडा एक समस्या' हा प्रकल्प परतवाड्यात किती वर्षे फिरतो आहे, यावरच कोणीतरी एक प्रकल्प करावा.

सगळीकडे मात्र असे नाही. आमच्या ओळखीच्या एका शिक्षिकेने एक वर्षी मुलांना निक्षून सांगितले, की विषय आपल्याच गल्लीतला अगर ढाण्यातला घ्यावयाचा आणि छापील काहीही आणावयाचे नाही. मुलांनी कुरकुर केली. आईबापांनीही केली. त्यांतल्या एका मुलीने आपल्या ढाण्यातील घरे मांडली. दिवाळीनंतर कोणत्या घरांना कुलूप लागते, माणसे कोठल्या कामाला जातात, होळीला कोण परत येते, कोण येत नाही, आणि मागे मुले कोणाच्या घरी राहतात. पुस्तकात 'हंगामी स्थलांतर' असे दोन शब्द असतात त्याची तिने आठ पाने केली. ज्या घरात म्हातारी आजी आहे त्या घरची मुले शाळेत टिकतात, जेथे ती नाही तेथील मुले आईबापांच्या मागे विटांच्या भट्टीवर जातात, असे तिला दिसून आले होते. हे तिने वाक्यात लिहिले नव्हते. घरांचा तक्ता काढून त्यात एक रकाना आजीसाठी ठेवला होता.

प्रकल्पाच्या शेवटी संदर्भांचे पान जोडावे लागते. दुकानातल्या प्रकल्पात तेथे चार पुस्तकांची नावे छापलेलीच असतात. या मुलीने पुस्तक वापरले नव्हते. तिने त्या पानावर सुवाच्य अक्षरात आपल्या आजीचे संपूर्ण नाव लिहिले, खाली गावाचे नाव, आणि वयापुढे 'अंदाजे सत्तर'.